बोका हवेत असताना

मंगळवार, ४

आज मला बढती मिळाली. बढती म्हणजे पगार तोच, खुर्ची तीच, फक्त कामात एका पानाची भर. मालकांचे चिरंजीव गेल्या महिन्यापासून संपादकाच्या जागेवर बसतात. बसतात म्हणजे फिरतात. ती खुर्ची गोल फिरते याचं त्यांना अजून अप्रूप आहे. एक गिरकी पूर्ण करून ते माझ्यासमोर थांबले आणि म्हणाले, "मॅडम, शेवटचं पान आजपासून तुमचं."

शेवटचं पान म्हणजे शब्दकोडं, राशिभविष्य, माझं ‘टाचणी’ हे रोजचं सदर आणि दोन चित्रपट्ट्या.

"त्यातली एक पट्टी जाणार," चिरंजीव म्हणाले. "खाली पूर्ण रुंदीची जाहिरात घेतोय. आपण वाचकांकडून कूपन मागवू. आवडती कोणती, नावडती कोणती. पण शिफारस तुमची. महिनाअखेर एक बंद."

मी चेहरा गंभीर ठेवला. आतून मात्र उड्या मारत होते. अकरा वर्षं वाट बघितली मी या क्षणाची!

कारण आमच्या पानावर जगातली सर्वांत चांगली आणि सर्वांत रटाळ पट्टी एकाखाली एक राहतात. चांगली म्हणजे ‘कुंपणावर’. एक बोका रोज कुंपणावर येतो, पलीकडे उडी मारायला अंग आवळून बसतो, आणि दर वेळी काहीतरी आडवं येतं. माशी, ऊन, स्वतःची शेपटी. शेवटच्या चौकटीत म्हणतो, "उद्या बघू." पलीकडे काय आहे ते चित्रकाराने कधीच दाखवलं नाही. माणसाच्या चालढकलीवर इतकं तिखट भाष्य मीसुद्धा केलेलं नाही, आणि हे मी सहसा कुणाबद्दल म्हणत नाही.

रटाळ म्हणजे ‘खिडकी’. एक बाई, एक खिडकी, कठड्यावर एक कुंडी. पहिल्या चौकटीत बाई बाहेर बघते. दुसऱ्या चौकटीत बाई बाहेर बघते. तिसऱ्या चौकटीत म्हणते, "आज पण नाही." काय नाही? पोस्टमन? नळाला पाणी? विनोद? विनोद तर नाहीच!

नाचतच घरी आले. दारात पाऊल टाकलं तोच आतून सासूबाईंचा आवाज. "आलीस? पाय पूस." लग्न झाल्यापासून माझं हेच स्वागत. उद्या राष्ट्रपती होऊन आले तरी आधी पायपुसणं.

बातमी सांगितली. त्यांनी हातातली कात्री खाली ठेवली. ‘खिडकी’ कापून बिस्किटांच्या डब्यात जमवणारी ही एकमेव व्यक्ती माझ्याच घरात असावी, हा दैवाचा विनोद.

"खिडकी बंद केलीस तर मी पेपर बंद करीन."

"अहो आई, त्यात काही घडतच नाही."

"माझ्या दिवसात तरी काय घडतं मोठं? म्हणून मला बंद करतेस का?"

नवऱ्याने दाढीचा साबण तोंडभर फासून घेतला. घरात वाद पेटला की हा माणूस संध्याकाळीसुद्धा दाढी करतो.

गुरुवार, ६

दर गुरुवारी दोन्ही चित्रकारांची पाकिटं येतात, पुढच्या आठवड्याच्या सहा-सहा पट्ट्या. दोघांना ऑफिसात कुणी पाहिलेलं नाही. नावंही छापायची नाहीत, ही त्यांची पहिल्यापासूनची अट. बोकेवाले सहीच्या जागी पंजा काढतात, खिडकीवाल्या बाई चार रेघांची खिडकी.

आज पहिल्यांदा बोकेवाल्यांशी बोलले. पाकीट मिळालं का विचारायला त्यांनीच फोन केला. माझा आवाज शाळकरी मुलीसारखा झाला.

"मी तुमची पहिल्या दिवसापासूनची चाहती..."

"त्या खिडकीवाल्या बाईंचं पाकीट आलं?"

"आलं की."

"रेघ कशी आहे? हात कापल्यासारखी नाही ना वाटत?"

"ठीक आहे. पण तुमची रेघ म्हणजे..."

"हात शेकत जा म्हणावं," ते म्हणाले आणि ठेवला फोन.

थोर माणूस, पण माणूसच. प्रतिस्पर्धी कधी गळतो याच्यावर डोळा आहे!

तासाभराने बाईंचा फोन. "बोका बारीक झालाय हल्ली. बरगड्या दिसतात. नीट जेवतो की नाही?"

"बाई, तो चित्रातला बोका आहे."

"हो, तोच."

दुसऱ्याच्या बोक्याच्या बरगड्या मोजण्यापेक्षा आपल्या पट्टीत एखादा विनोद घाला, असं ओठांवर आलं होतं. गिळलं. मात्र त्याच झपाट्यात चिरंजीवांना शिफारस लिहून दिली. "‘खिडकी’ म्हणजे रोज सकाळी वाचकाच्या तोंडावर दिलेली जांभई होय. ती त्वरित बंद करावी." लिहून झाल्यावर स्वतःवरच खूश झाले. वाक्य काय जमलंय!

शनिवार, ८

चिरंजीवांचं नवं फर्मान. पान अरुंद झालंय, तेव्हा पट्ट्या आडव्या न लावता चौकटी सुट्या कापून एकाखाली एक लावा. मांडणीचा माणूस रजेवर. म्हणजे मीच कॉम्प्युटरवर बसून चौकटी कापल्या. बोक्याच्या चौकटी जपून, मायेने. बाईंच्या खसाखस. घाई होती, नवऱ्याबरोबर नाटकाला जायचं होतं. नाटक भिकार निघालं.

सोमवार, १०

मेले!

सकाळी पेपर उघडला आणि चहा नाकात गेला. ‘खिडकी’त बाई बाहेर बघते, बाई बाहेर बघते आणि तिसऱ्या चौकटीत अंग आवळून बसलेला बोका. "उद्या बघू." त्याच्या खाली ‘कुंपणावर’. बोका बसतो, बोक्याच्या नाकावर फुलपाखरू बसतं आणि तिसऱ्या चौकटीत खिडकीतली बाई. "आज पण नाही."

शेवटच्या चौकटींची अदलाबदल केली होती मी.

ऑफिसात जाताना राजीनाम्याचा मजकूर मनात तयार केला, तोही खुसखुशीत. पोचले तर टेलिफोनवाली मुलगी कानाला हात लावून बसलेली. "मॅडम, सकाळपासून तुमच्याच पानाचे फोन!"

पहिला फोन एका निवृत्त हेडमास्तरांचा. मी ‘क्षमस्व’मधला क्ष उच्चारेपर्यंत ते ओरडले, "अहो, आत्ता कळलं ती कुणाची वाट बघते ते!" दुसरा फोन एका वाचक बाईंचा, त्यांना हुंदका आवरेना. एका औषधवाल्याने सांगितलं की दुकानात गिऱ्हाइकं गोळ्या विसरून पेपरवर वाकली आहेत.

चिरंजीव गिरक्या न घेता सरळ चालत माझ्या टेबलाशी आले. "मॅडम, हे काय केलंत तुम्ही?"

"प्रयोग," मी म्हटलं. जीभ माझ्याआधी नोकरीचा विचार करते.

"जीनियस आहात!"

मी नम्रपणे मान झुकवली. नम्रतेचा सराव नसल्याने मानेत उसण भरली आहे.

मंगळवार, ११

चित्रकारांना तोंड दाखवायची वेळ. आधी बोकेवाले. माफी मागून संपली. मग हळूच, "तिने पाहिलं का?"

"कोणी?"

"वाचकांनी."

"पाहिलं म्हणजे? फोन थांबत नाहीयेत!"

"काही बोलली का?"

"वाचक?"

"हो. वाचक."

मोठ्या कलावंताचं असंच असतं, हजारो वाचक त्याला एका व्यक्तीसारखे वाटतात. अंगावर काटा आला.

खिडकीवाल्या बाई चिडल्या नाहीत. त्यांनी एवढंच विचारलं, "त्या कुंपणावरून इथपर्यंत उडी मारता येईल का हो? नाही म्हणजे, वय झालं की बोक्यांचे गुडघे दुखत असतील."

बोक्यांच्या गुडघ्यांबद्दल मला माहिती नाही असं मी सांगितलं. बाईंचं वय झालंय. माझी शिफारस योग्यच होती.

गुरुवार, १३

पाकिटं आली. दरोडेखोराने पेटी फोडावी तशी मी ती फोडली! पण कसचं काय. बोक्याने या वेळी फक्त तोंड वळवलंय, आणि पलीकडे एका खिडकीचा कोपरा दिसतोय. ‘खिडकी’त तर एवढंच की कठड्यावरची कुंडी मधोमध होती ती कडेला सरकली. अकरा वर्षांतली पहिली घडामोड! लोक बोटं मोडतील.

सोमवार, १७

बोटं मोडली नाहीत. शहर येडं झालंय.

नवरा केस कापून आला. न्हाव्याने म्हणे अर्धं डोकं कापून वस्तरा बाजूला ठेवला आणि वाट बघणाऱ्यांशी वाद घालायला लागला. बोका जाणार की नाही जाणार. नवरा जाणार पक्षाचा. त्याच्या कानामागे एक झुपका राहून गेलाय, तो तो अभिमानाने मिरवतोय.

सासूबाई पेपर डोळ्यांशी धरून बसल्या होत्या. "जागा केली गं तिने."

"कसली जागा?"

"कुंडी सरकवली ना. बसायला जागा केली."

मी हसले. मग पट्टी परत बघितली. खरंच, कठड्यावर बरोब्बर एक बोका बसेल एवढी जागा रिकामी होती. हे मला दिसायला हवं होतं. पान माझं आहे.

बुधवार, १९

सापडली! चोरी सापडली!

बोक्याच्या कुंपणाच्या अलीकडे, कचऱ्यात नेहमी एक कुंडी पडलेली असते. आज भिंग लावून पाहिलं तर तिच्या काठाचा टवका उडालेला आहे, डाव्या बाजूला, मोडक्या दातासारखा. तसाच टवका ‘खिडकी’तल्या कुंडीला! जुने अंक काढले. दोघांच्याही पहिल्या पट्टीपासून तोच टवका. फुग्यातलं अक्षरही एका वळणाचं, ‘ल’ची गाठ जशीच्या तशी. माझ्या बोकेवाल्यांची कुंडी चोरून बाई अकरा वर्षं कठड्यावर मिरवतायत!

लगेच फोन लावला. आवाज थंड ठेवला, ‘टाचणी’त ठेवते तसा.

"बाई, ती कुंडी तुमची स्वतःची आहे का?"

"नाही हो. आईची."

घ्या. आईवर ढकललं.

"आणि टवका?"

"तो त्याने पाडला. चेंडू मारून. नाव माझं सांगितलं." त्या हसल्या. मग हसू मध्येच तुटलं. "आईचं घर विकायचं ठरलं तेव्हा कुंडी कोणी न्यायची यावरून बोलणं बंद झालं आमचं. कुंडीवरून! सांगायलासुद्धा लाज वाटते."

"कुणाशी बोलणं बंद झालं?"

"दूध उतू जातंय," बाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मी रिसीव्हर ठेवला आणि डोक्यात वीज चमकली. चोरी नाही, प्रेमप्रकरण! मोडलेला संसार! नवरा इकडे, बायको तिकडे, मध्ये माझं शेवटचं पान! देवा, हे मला बढतीच्या वेळी का नाही सांगितलंस?

सोमवार, २४

आजच्या ‘कुंपणावर’मध्ये बोका चक्क चार पावलं मागे गेलाय, धाव घ्यायला. आणि ‘खिडकी’त बाई पहिल्यांदाच बाहेर बघून ओरडते, "अरे गाढवा, जपून! मागच्या वेळी तोंडावर आपटला होतास!"

मी जेवताना माझा शोध जाहीर केला. नवरा-बायको, विरह, सगळं. हातवारेही केले.

सासूबाईंनी घास संपवला. "नवऱ्याला असं कोणी बोलतं का?"

"मी बोलते," मी म्हटलं.

"बोलते," नवऱ्याने दुजोरा दिला.

"तू घरात बोलतेस. पेपरात नाही. आणि बायकोच्या आईचं घर विकताना नवऱ्याचा काय संबंध? कुंडीवर हक्क सांगणारा कोण असतो? चेंडू मारून बहिणीचं नाव सांगणारा?" त्या ताट घेऊन उठल्या. "भाऊ आहे तो तिचा. एवढं शिकलीस, टाचण्या टोचतेस सगळ्यांना."

मी भांडी घासत बसले. माझी पाळी नव्हती. हात शेकत जा म्हणावं. नीट जेवतो की नाही. हे सगळं मला सांगत होते दोघं, अगदी कानात, आणि मी जागेच्या भांडणाचा हिशोब मांडत होते. मला ते सुचलं नाही याचा राग जास्त आला की लाज, हे ठरेना. भांडी मात्र लखलखीत निघाली.

गुरुवार, २७

संकट. आणि ते मीच लिहून दिलेलं.

शनिवारच्या पट्ट्या माझ्या खणात आहेत. बोका हवेत आहे! तिन्ही चौकटींत नुसती उडी, खाली कुंपण नाही, वर काही नाही, फुगा नाही. आणि ‘खिडकी’त बाईच नाही. उघडी खिडकी, आत दिवा. दोघांनी ठरवलेलं नाही, ठरवायला बोलतात कुठे? आपापल्या घरी बसून एकाच दिवशी एकाने उडी काढली आणि एकीने दार उघडायला जावं तशी जागा सोडली.

हे घेऊन मी धावतच चिरंजीवांकडे गेले, तर ते म्हणाले, "छान. सोमवारपासून ‘खिडकी’ बंद. जाहिरात पक्की झाली."

"बंद? मग बोका पडेल कुठे?"

"तुमचीच शिफारस आहे ना? ‘वाचकाच्या तोंडावर दिलेली जांभई.’ काय वाक्य आहे! मी सासरीसुद्धा ऐकवलं."

"मी मत बदललंय."

"मग ‘कुंपणावर’ घालवा. मला काय, एक जागा हवी."

बोका घालवला तर ती कुणाला जागा करून बसली आहे? खिडकी घालवली तर तो हवेतच राहणार, आणि पुन्हा उडी मारणार नाही. एकदा ‘उद्या बघू’ झालं की झालं. मी हे सगळं बोलले, बहुतेक टेबलावर हात आपटून. चिरंजीव खुर्चीसकट मागे सरकले.

"कूपनांत लोक काय म्हणतात?" मी विचारलं.

"आवडतीत ‘खिडकी’ पुढे आहे, हे खरं. नावडतीत मात्र..." त्यांनी एक गिरकी घेतली. "नावडतीत लोकांनी पट्टी सोडून भलतंच लिहिलंय. जाऊ द्या."

त्यात भर म्हणजे आज गुरुवार असून दोघांचंही पाकीट आलं नाही. दोघांनाही फोन लावला. दोन्हीकडे नुसती घंटा वाजते.

शुक्रवार, २८

कूपनांची पेटी स्वतः उघडली. भलतं म्हणजे काय ते कळलं. नावडती: टाचणी. नावडती: टाचणी. एकाने तर ‘ती खवट बाई’ एवढंच लिहिलंय. ढिगात एक अक्षर ओळखीचं दिसलं, वाणसामानाच्या यादीतलं. आवडती: खिडकी. नावडती: टाचणी. आणि खाली बारीक अक्षरात, "लेखिका घरी बरी आहे."

मी ते कूपन पर्समध्ये टाकलं. मोजणीत एक मत कमी झालं असेल तर होऊ दे.

मग चिरंजीवांच्या केबिनमध्ये जाऊन म्हटलं, "जाहिरात घ्या. दोन्ही पट्ट्या राहू द्या. ‘टाचणी’ काढा."

"मॅडम! ती तुमची ओळख आहे."

"म्हणूनच काढा. फार तर रविवारी ठेवा. रविवारी लोकांचं पोट भरलेलं असतं, सहन करतात."

"नक्की? एका बोक्यासाठी?"

"तो हवेत आहे हो!" मी इतक्या जोरात ओरडले की बाहेर टाइप करणारे हात थांबले. चिरंजीवांनी, आश्चर्य म्हणजे, हळूच विचारलं, "पोचतो का?"

"मला माहीत नाही. पाकीट आलेलं नाही."

"मग सोमवारी काय छापणार?"

"उद्या बघू," मी म्हटलं आणि माझं मलाच हसू फुटलं.

शनिवार, २९

आज सगळं शहर मान वर करून चाललं होतं असं मला वाटलं, आणि मी बढाया मारत असले तर मारू दे. बसमध्ये कंडक्टर तिकिटाऐवजी "पोचेल ना?" विचारत होता. न्हाव्याने दुकानाच्या काचेवर आजची पट्टी चिकटवली आणि खाली पैजा लावून घेतल्या. नवऱ्याने सकाळपासून दाढी केली नाही. टेलिफोनवाली मुलगी प्रत्येकाला एकच उत्तर देत होती, "आम्हालाही माहीत नाही हो!"

दुपार उलटली तरी टेबलावर काही नाही. सोमवारच्या पानात बोट शिरेल एवढं मोठं भोक. चिरंजीव तीनदा येऊन गेले. चौथ्यांदा आले तेव्हा त्यांच्या हातात पाकीट होतं, जिन्यातच कुरिअरवाल्याला गाठलेलं.

एकच पाकीट. पाठवणाऱ्याच्या जागी बाईंचा पत्ता. आणि मागे चिकटवलेल्या जागी दोन खुणा शेजारी शेजारी, पंजा आणि चार रेघांची खिडकी.

मी ते तिथेच उभ्याने फोडलं. टेबलाभोवती कोण कोण जमलं ते मी पाहिलं नाही.

दोन पट्ट्या नव्हत्याच. एकच लांब कागद, अर्धा त्यांच्या रेघेचा, अर्धा बाईंच्या. पहिल्या चौकटीत कुंडी खाली पडतेय. दुसऱ्या चौकटीत कुंडीचे तुकडे, माती, आणि त्यात कान पाडून बसलेला बोका. शेपटी चुकून तिच्या पावलावर. बाई कमरेवर हात ठेवून उभी. शेवटच्या चौकटीत तिच्या डोक्यावर फुगा:

"आलास? पाय पूस."

मांडणीचा माणूस टाळ्या पिटायला लागला. टेलिफोनवाली मुलगी रडत फोनकडे पळाली. चिरंजीव मात्र कागद उलटापालटा करून बघत होते. "एवढंच? अकरा वर्षांनी भेटला आणि ती एवढंच म्हणते?"

"आणखी काय म्हणायचं असतं?" मी म्हटलं. मला एकदम घरी जायची घाई झाली होती.

पानाचा छापील नमुना घेऊन मी निघाले. बस मिळेना, अर्धी वाट चालत, अर्धी पळत. नमुना सुरळी करून काखेत, चप्पल चिखलाने भरलेली. जिना चढताना आधी काय सांगायचं ते ठरवत होते. पोचला! आई, पोचला!

दार उघडंच होतं. आत कात्रीचा आवाज.

"आलीस?" सासूबाईंनी मान न वळवता विचारलं.

मी पायपुसण्यावर उभी राहिले. कात्री थांबली. मी तशीच उभी, काखेत सोमवार घेऊन, पुढचे दोन शब्द ऐकायला.

"पाय पूस," त्या म्हणाल्या.

पुसले. दोन्ही, नीट, टाचेपासून.